जनऔषधी केंद्र: दरमहाच्या औषधांचे बिल खरोखर किती उतरते?

घरात एखाद्याला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार जडला की औषधांचा खर्च किराणा आणि वीजबिलाप्रमाणे दर महिन्याला ठरलेलाच होऊन बसतो, आणि तो आयुष्यभर चुकत नाही. आमच्या घरी दोन ज्येष्ठांसाठी अशा गोळ्या गेली काही वर्षे लागतात आणि त्यांतल्या बहुतेक आता प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातून, येतात. या केंद्रांची जाहिरात भरपूर होते आणि त्यांच्याबद्दलच्या शंकाही तितक्याच ऐकू येतात. ज्याला औषधांचा खर्च खरोखर कमी करायचा आहे त्याने तिथे कोणत्या तयारीने जावे आणि काय अपेक्षा ठेवावी, हे मात्र कुणी सविस्तर सांगत नाही. हे परीक्षण त्यासाठी लिहिले आहे.

सरकारी मदतीतली एक गोम आधी लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडच्या आरोग्य योजनांचा जवळजवळ सगळा भर रुग्णालयात भरती होण्यावर आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मिळते, आणि आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना उत्पन्नाची अट न घालता सामावून घेतले आहे. या दोन्ही योजना मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी कुटुंबाला कर्जातून वाचवतात, यात शंका नाही. पण आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचा खर्च साधारण १५ दिवसांपर्यंतच धरला जातो. अँजिओप्लास्टी फुकट झाली, तरी रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि बीपीची गोळी सोळाव्या दिवसापासून रुग्णाच्या खिशातूनच येते. खासगी आरोग्य विम्याचीही बहुतेक हीच कथा आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या औषधांसाठी सर्वसामान्य कुटुंबाला हाती रोख मदत देणारी योजना जवळपास नाहीच, आणि म्हणून ‘मदत’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ‘स्वस्त औषध’ एवढाच उरतो. जनऔषधी केंद्राकडे याच दृष्टीने पाहायला हवे.

ही योजना केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने २००८ मध्ये सुरू केली आणि पहिले दुकान त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अमृतसरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उघडले. पुढची काही वर्षे ती जेमतेम तग धरून होती. सध्याचे नाव तिला २०१६ मध्ये मिळाले आणि त्यानंतर विस्तार झपाट्याने झाला. दहा हजारावे केंद्र ३० नोव्हेंबर २०२३ रोजी देवघरच्या एम्समध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीअखेर ही संख्या पंधरा हजारांवर पोहोचली. औषधांच्या यादीत दोन हजारांहून अधिक औषधे आणि तीनशेच्या आसपास शस्त्रक्रियेची व इतर साधने आहेत. किंमत ठरवण्याचा नियम असा आहे की जनऔषधीची किंमत त्या औषधाच्या बाजारातल्या आघाडीच्या तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून अधिक असू नये. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा निम्म्याहूनही बरीच खाली असते.

नुसती टक्केवारी सांगून भागत नाही, म्हणून एक उदाहरण घेऊ. मधुमेहावरचे सिटाग्लिप्टिन हे औषध पेटंटच्या कक्षेतून २०२२ मध्ये बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जनऔषधी केंद्रांत आले. त्या वेळी जाहीर झालेल्या किमती अशा होत्या: ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्यांना ६० रुपये, १०० मिलिग्रॅमच्या दहांना १०० रुपये, आणि मेटफॉर्मिन जोडलेल्या ५०/५०० च्या दहांना ६५ रुपये. त्या काळी ब्रँडेड पाकिटाची किंमत १६२ ते २५८ रुपयांच्या दरम्यान होती. दिवसाला दोन जोडगोळ्या घेणाऱ्या रुग्णाला वर्षाला ७३ पाकिटे लागतात. जनऔषधीच्या दराने त्यांचे ४,७४५ रुपये होतात, तर ब्रँडेडचा सर्वांत खालचा, १६२ रुपयांचा दर धरला तरी ११,८२६. ही एका औषधाची कथा झाली, आणि साठी ओलांडलेल्या मधुमेही माणसाचे एका औषधावर सहसा भागत नाही.

तरीही या तुलनेकडे थोडे सावधपणे पाहावे, असे माझे मत आहे. केंद्रातल्या बिलावर ‘तुमची बचत’ म्हणून दिसणारा आकडा महागड्या ब्रँडशी केलेल्या तुलनेतून येतो. आपल्या शहरांत आता गल्लोगल्ली ‘औषधांवर २० टक्के सूट’ असे फलक दिसतात. ती सूट वजा केल्यावर उरणारा फरक हीच खरी बचत. वरच्या उदाहरणात १६२ रुपयांच्या पाकिटावर वीस टक्के सूट मिळाली, तर किंमत १२९ रुपये ६० पैसे होते, म्हणजे जनऔषधी तरीही जवळपास निम्म्यातच पडते. पण सगळीकडे हे गणित इतके एकतर्फी नसते. एखाद्या औषधाचे पेटंट संपले की डझनावारी भारतीय कंपन्या एकाच वेळी उतरतात आणि किमती कोसळतात. मधुमेहावरच्याच एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत मार्च २०२५ मध्ये नेमके तेच घडले: साठ रुपयांच्या आसपास असलेली गोळी काही कंपन्यांनी त्याच महिन्यात दहा रुपयांच्या आत आणली. अशा वेळी नेहमीच्या मेडिकलमधला स्वस्त ब्रँड आणि जनऔषधीची गोळी यांतले अंतर फारसे उरत नाही, आणि केवळ सवयीने लांबच्या केंद्रापर्यंत रिक्षा करून जाणे हा तोट्याचा व्यवहार ठरू शकतो. किमती पडताळण्यासाठी ‘जनऔषधी सुगम’ हे मोबाइल ॲप उपयोगी आहे. त्यात औषधाच्या नावावरून किंमत दिसते आणि जवळचे केंद्रही शोधता येते.

आता मुख्य अडचणीकडे वळू. ती दुकानात नसून डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. जनऔषधी केंद्रात ब्रँड नसतात. तिथल्या फळीवर औषधे मूळ घटकाच्या नावाने लावलेली असतात, आणि आपल्या हातातल्या चिठ्ठीवर मात्र कंपनीने दिलेले नाव असते. औषधे नियमावलीतल्या नियम ६५ नुसार अनुसूची एच, एच-१ आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधांच्या बाबतीत डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे काहीही देण्याची विक्रेत्याला परवानगी नाही. घटक तोच असला तरीही नाही. बीपी, शुगर, हृदय, थायरॉइड यांची बहुतेक औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात. प्रत्यक्षात काउंटरवरचा माणूस ब्रँडचे नाव वाचून त्याच घटकाची गोळी पुढे करतो, असे अनेक ठिकाणी दिसते आणि ग्राहकालाही ते सोयीचे वाटते. पण चूक झाली तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न अशा व्यवहारात अधांतरी राहतो.

भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्येच आपल्या नियमांत बदल करून डॉक्टरांनी औषधे जेनेरिक (म्हणजे मूळ घटकाच्या) नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे सांगितले होते. तिच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये हे अधिक कडक शब्दांत सक्तीचे केले आणि डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध होताच त्याच महिन्यात ते नियम स्थगित ठेवले. त्या विरोधामागचा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. सगळ्या जेनेरिक औषधांचा दर्जा सारखा असल्याची खात्री नसताना ब्रँड लिहायला मनाई केली, तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हा निर्णय डॉक्टरांकडून दुकानदाराच्या हाती जातो, आणि दुकानदार ज्यात नफा जास्त तीच गोळी देईल, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते या युक्तिवादाची धार जनऔषधी केंद्रापाशी बोथट होते, कारण तिथे एका औषधाची सहसा एकच आवृत्ती उपलब्ध असते आणि ती कुठून आली हे ठरलेले असते. पण साध्या मेडिकलच्या बाबतीत तो मुद्दा खरा आहे.

यावर व्यवहारातला उपाय अगदी सोपा आहे. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना थेट विनंती करावी की ब्रँडच्या नावाबरोबर घटकाचे नावही लिहून द्यावे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी हे काहीही न कुरकुरता केले, आणि दोन औषधांच्या बाबतीत ‘ही बदलू नका’ असेही स्पष्ट सांगितले. तो सल्ला स्वस्त गोळ्यांइतकाच मोलाचा होता. सगळीकडे असा अनुभव येतोच असे नाही. एका खासगी रुग्णालयातल्या चिठ्ठीवर मला असा ब्रँड लिहून मिळाला की जो त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या मेडिकलखेरीज गावात कुठेही सापडेना. रुग्णालयाच्या आवारातल्या दुकानातूनच औषध घेणे बंधनकारक नाही, असा फलक लावण्याचे आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिले आहेत. फलक लागला तरी ब्रँडच एकाच दुकानात मिळत असेल तर रुग्णाने काय करावे, याचे उत्तर त्या फलकावर नसते. घटकाचे नाव हातात असले की ही कोंडी निम्मी सुटते.

चिठ्ठीवर घटकाचे नाव नसेल, तर ते जुन्या पाकिटावर वाचता येते. २०१८ पासूनच्या नियमानुसार एकाच घटकाच्या औषधावर जेनेरिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा ठळकपणे मोठे छापावे लागते, आणि निवडक तीनशे ब्रँडांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही असतो. मी घरातले रिकामे पाकीट बरोबर नेतो आणि केंद्रात मिळालेले नवे पाकीट त्याच्या शेजारी ठेवून तीन गोष्टी जुळवतो: घटकाचे संपूर्ण नाव, त्याचे मिलिग्रॅम, आणि गोळीचा प्रकार. यांतली तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. ‘मेटफॉर्मिन ५००’ आणि ‘मेटफॉर्मिन ५०० एसआर’ या एकच गोळ्या नव्हेत. दुसरी हळूहळू विरघळावी म्हणून वेगळी बनवलेली असते आणि ती मोडून किंवा चावून खायची नसते. मेटोप्रोलॉलच्या बाबतीत तर पहिल्याच शब्दावर थांबले तर फसगत होते. मेटोप्रोलॉल सक्सिनेट ही दिवसभर हळूहळू काम करणारी गोळी सहसा दिवसातून एकदा घ्यायची असते, तर मेटोप्रोलॉल टार्ट्रेट दिवसातून दोनदा दिली जाते. दोन्ही पाकिटांवर सुरुवातीला ‘मेटोप्रोलॉल’ आणि शेवटी ‘५० मिग्रॅ’ असेच दिसते. फरक मधल्या एका शब्दात असतो, आणि तो चष्मा लावल्याशिवाय वाचता येत नाही. ज्येष्ठांना एकट्याने औषध आणायला पाठवू नये, असे मला वाटते ते याच कारणाने.

काही औषधे मी स्वतः केंद्रातून आणत नाही, किंवा आणायची झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणत नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिट येऊ नये म्हणून दिलेली औषधे, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, लिथियम, डिगॉक्सिन आणि मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतरची औषधे यांत मात्रेचा थोडासा फरकही रुग्णाला जाणवू शकतो. अशी औषधे एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे वळवायची तर रक्तातली पातळी तपासत वळवावी लागतात, मग ती ब्रँडेड असोत वा जनऔषधीची. वर्षाकाठी वाचणारी थोडीशी रक्कम एका जादा रक्ततपासणीतच खर्च होते, हा हिशेबही विसरू नये.

‘स्वस्त म्हणजे कमअस्सल’ ही शंका घरोघरी ऐकू येते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. योजना चालवणारी संस्था, म्हणजे पीएमबीआय, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रमाणित झालेल्या कारखान्यांकडूनच औषधे घेते आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच बाजारात सोडते. हे सामान्य खासगी औषधविक्रीत ग्राहकाला दिसेल अशा रीतीने होत नाही, आणि या अर्थाने जनऔषधीची बाजू थोडी वरचढ आहे. दुसरीकडे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत नापास झालेल्या बॅचेसची यादी प्रसिद्ध करते. तीत नामांकित कंपन्यांची औषधे असतात, तशी सरकारी पुरवठ्यातलीही असतात. म्हणजे ब्रँड हा दर्जाचा दाखला नाही, आणि सरकारी शिक्काही नाही. तज्ज्ञ मंडळींचा अधिक गंभीर मुद्दा वेगळाच आहे. जेनेरिक गोळी शरीरात मूळ औषधाइतकीच शोषली जाते का, याची चाचणी ठरावीक गटांतल्या औषधांसाठी एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाली. त्याआधीच्या परवान्यांवर बनणाऱ्या औषधांना ती तशी लागू नव्हती. हा दोष जनऔषधीचा नसून भारतातल्या एकूण जेनेरिक व्यवस्थेचा आहे आणि कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या ब्रँडेड जेनेरिकलाही तो तितकाच लागू पडतो. आमच्या घरापुरते सांगायचे तर गोळ्या बदलल्यावर पहिले काही आठवडे घरच्या यंत्रावर बीपी आणि शुगर नेहमीपेक्षा अधिक वेळा मोजून वहीत लिहून ठेवले. आकडे पूर्वीसारखेच राहिले. एका घराच्या वहीवरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही, पण डॉक्टरांना दाखवायला ती वही उपयोगी पडली.

सेवेच्या बाबतीत सर्वांत मोठी उणीव पुरवठ्याची आहे. ‘आत्ता संपलंय, पुढच्या आठवड्यात येईल’ हे वाक्य जनऔषधीच्या ग्राहकांना चांगलेच परिचयाचे आहे, आणि दरमहाच्या औषधांत आठवडाभराचा खंड परवडत नाही. यामागचे कारण समजून घेतले तर राग थोडा कमी होतो. केंद्र चालवणारा माणूस बहुतेक ठिकाणी सरकारी नोकर नसून स्वतःचे भांडवल घातलेला फार्मासिस्ट किंवा छोटा व्यावसायिक असतो. त्याला विक्रीवर वीस टक्के नफा मिळतो खरा, पण साठ रुपयांच्या पाकिटावर वीस टक्के म्हणजे बारा रुपये. तेवढ्यात जागेचे भाडे, नोकराचा पगार आणि मुदत संपून वाया जाणारा माल हे सगळे बसवायचे असते. म्हणून सरकारने महिन्याच्या खरेदीच्या वीस टक्के, पण जास्तीत जास्त २० हजार रुपये, असा प्रोत्साहन भत्ता ठेवला आहे आणि नेहमी खपणाऱ्या दोनशे औषधांचा किमान साठा ठेवण्याच्या अटीशी तो जोडला आहे. याचा ग्राहकाच्या दृष्टीने अर्थ असा की अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, अॅटोर्व्हास्टॅटिन, पॅन्टोप्राझोल यांसारखी रोजची औषधे केंद्रात बहुधा मिळतात. जरा कमी खपणारे औषध असेल तर ते मागवून घ्यावे लागते. माल गुरुग्राम, सुरत, बंगळुरू, चेन्नई आणि गुवाहाटी इथल्या गोदामांतून वितरकांमार्फत येतो, त्यामुळे मागवलेले औषध दुसऱ्या दिवशी हातात पडेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

तीन-तीन घटक एकत्र केलेल्या गोळ्यांचा प्रश्न याला जोडूनच येतो. डॉक्टर रुग्णाच्या सोयीसाठी अशी एकच गोळी लिहितात, आणि जनऔषधीच्या यादीत नेमके तेच मिश्रण त्याच प्रमाणात नसते. तिथे दोन वेगळ्या गोळ्या घेऊन काम भागू शकते, पण ते डॉक्टरांनी लिहून दिले तरच. ज्या घरात रोजच्या सहा गोळ्यांच्या आठ होणार असतील आणि त्या घेणारे आजोबा आधीच विसरभोळे असतील, तिथे मी थोडे जास्त पैसे मोजून एकच गोळी घेण्याच्या बाजूने आहे.

औषधांच्या पलीकडे केंद्रात मोठ्या माणसांचे डायपर, बँडेज, एक रुपयाला एक या दराचे ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड अशाही वस्तू मिळतात. अंथरुणाला खिळलेला रुग्ण घरी असेल तर डायपरचा महिन्याचा खर्च गोळ्यांपेक्षा जड जातो, तेव्हा या फळीकडे अवश्य लक्ष द्यावे. केंद्रचालकाला पूरक असा इतर वैद्यकीय माल ठेवण्याची मुभा असल्याने तिथली प्रत्येक वस्तू जनऔषधीचीच असेल असे नाही. पाकिटावर योजनेचे बोधचिन्ह आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

स्वस्त औषधाच्या शोधात फुकटचे औषध हातचे सुटू नये, हेही इथे सांगायला हवे. क्षयरोगाची औषधे कुणीही विकत घेऊ नयेत. ती राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात, आणि उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा एक हजार रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. एचआयव्हीची औषधेही सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे त्या आजाराच्या उपचार केंद्रांतून, मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क झाले आहेत. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या देशव्यापी उपक्रमात महाराष्ट्र अगदी पहिल्या राज्यांपैकी एक होता, आणि त्या पद्धतीत प्राथमिक आरोग्य केंद्रातून बीपीच्या महिनाभराच्या गोळ्या देणे अपेक्षित आहे. मुंबईत नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे राज्यभर नेलेल्या आपला दवाखान्यांतूनही साधी औषधे मोफत मिळतात. तिथे साठा असेल तर जनऔषधीच्या स्वस्त गोळीचीही गरज नाही. कर्नाटक सरकारने मे २०२५ मध्ये सरकारी रुग्णालयांच्या आवारातली जनऔषधी केंद्रे बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा जिथे औषध फुकटच मिळायला हवे तिथे विक्रीचे दुकान कशाला, असाच प्रश्न उपस्थित केला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्याला राजकारणाचा रंगही चढला, पण प्रश्न रास्त होता, असे मला वाटते. सिव्हिल हॉस्पिटलच्या खिडकीवर ‘बाहेरून आणा’ असे उत्तर मिळालेल्या माणसाला फाटकापाशी स्वस्त दुकान दिसले, तर त्याची सोय होते हे खरे, पण त्या खिडकीची जबाबदारीही तेवढ्याच सहजपणे विसरली जाते.

उलट टोकाला, जी औषधे खरोखर कुटुंबाचे कंबरडे मोडतात, त्यांना जनऔषधीचा फारसा उपयोग नाही. पेटंट असलेली कर्करोगाची, संधिवाताची किंवा दुर्मीळ आजारांची औषधे त्या यादीत येत नाहीत, कारण त्यांचे जेनेरिकच नसते. अशा वेळी तीन ठिकाणी विचारणा करावी. काही मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या आवारातल्या ‘अमृत’ औषध दुकानांत कर्करोग आणि हृदयविकाराची औषधे व स्टेंटसारखी साधने सवलतीत मिळतात. औषध कंपन्यांचे रुग्ण-साहाय्य कार्यक्रम असतात, त्यांत ठरावीक मात्रा विकत घेतल्यावर पुढच्या मोफत, अशी रचना असते. त्यांची माहिती रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे मिळते, दुकानदाराकडे नाही. आणि रुग्णालय धर्मादाय असेल, तर त्याला दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे, आणि निर्धन रुग्णाच्या औषधांचा खर्च रुग्णालयाने त्यासाठी राखलेल्या निधीतून करायचा असतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, तेव्हा तो आजार अंगावर येण्याआधीच तयार असलेला बरा.

कराची सवलत बऱ्याच निवृत्त मंडळींच्या लक्षात येत नाही. ज्या ज्येष्ठ नागरिकाचा आरोग्य विमा नाही, त्याच्या औषधोपचारांवर झालेला वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतचा खर्च जुन्या करपद्धतीत कलम ८०डी खाली उत्पन्नातून वजा करता येतो. मुलाने आईवडिलांसाठी खर्च केला असेल तर मुलालाही ती वजावट मिळते. अट अशी की पैसे रोखीने दिलेले नसावेत. त्यामुळे केंद्रात बिल अवघे दोनशे-तीनशे रुपयांचे झाले तरी मी ते यूपीआयनेच भरतो आणि रुग्णाच्या नावाचे छापील बिल मागून घेतो. काही केंद्रांत बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, पण मागितल्यावर नकार मात्र मला अजून मिळालेला नाही.